मदत हवी आहे: भावाचं जुगाराचं कर्ज तिसऱ्यांदा फेडावं का?

धाकटा भाऊ तीन वर्षांपासून मोबाइलवर जुगार खेळतोय. गेलेले पैसे परत मिळवायला आणखी मोठा डाव, मग नवं कर्ज. आम्ही दोनदा सगळं फेडलं, ॲप काढायला लावली, शपथा झाल्या. काही महिन्यांत पुन्हा तेच. पैशांपेक्षा त्याचं सराईत खोटं बोलणं जिव्हारी लागतं. आईच्या औषधांची रक्कमही त्याने उचलली.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराला व्यसनांच्या गटात घातलं, त्यामुळे नुसतं रागावून भागणार नाही हे कळतं. नोकरी टिकून आहे, दारू नाही. समुपदेशकाकडे यायला तयार आहे, पण ‘आधी कर्ज फेडा’ म्हणतो. वहिनीला यातलं काहीच माहीत नाही.

ज्यांनी घरात हे सोसलंय त्यांना विचारते: कर्ज न फेडता उपचार सुरू करता आले का? आणि बायकोला कोणी, कधी सांगितलं?