जाक ताती यांचा ‘मों ऑन्क्ल’: हसू नेमकं कोणाचं?

कंदील
काल फ्रेंच दिग्दर्शक जाक तातींचा ‘मों ऑन्क्ल’ (१९५८) हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला. फ्रेंच ‘ऑन्क्ल’मध्ये काका-मामा सगळेच येतात, आपल्याकडे मात्र नेमका शब्द आहे. युलो हा छोट्या जेरारचा मामा. तो जुन्या वस्तीत, एका वेड्यावाकड्या घराच्या अगदी वरच्या खोलीत राहतो. बहीण आर्पेलबाई राहते राखाडी, चौकोनी, बटणांवर चालणाऱ्या बंगल्यात. अंगणात माशाचं कारंजं. दाराची घंटी वाजली की बाई आधी कारंजं सोडते. पाहुणा बडा नसून भाऊच निघाला की बंद! आधुनिक राहणीची इतकी नेमकी टर दुसऱ्या कुणाला उडवता आलेली नाही, असं माझं मत. बोला.

नळावरची
टर कसली, खाऊनपिऊन सुखी माणसाची हळहळ आहे ती. १९५४ साली फ्रान्समध्ये दहातल्या जेमतेम एका घरात न्हाणी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या कडाक्यात बेघरांसाठी मदत मागायला आबे पिएर या पाद्र्यांना रेडिओवर यावं लागलं. आणि चार वर्षांनी हा सिनेमा म्हणतो, खरी मजा जुन्या वस्तीत! युलो जिना चढताना या खिडकीत दिसतो, त्या खिडकीत गायब होतो, बघायला झकासच. पण त्याच जिन्यावरून पाण्याची बादली कोण वर नेतं? मी चाळीत वाढले, पहाटे साडेचारला नळावर नंबर लावलाय. आर्पेलबाईचं स्वयंपाकघर बघून मला हसू आलं नाही, हेवा वाटला.

कंदील
बादली मान्य, ताई. पण सिनेमा नळाला कुठे हसतो? तो कारंज्याला हसतो. बागेतली ती नागमोडी पायवाट आठवा. दोघी बायका हात पसरून एकमेकींना भेटायला निघतात, आणि वाट त्यांना भलतीकडेच नेते. उलट युलो आपली खिडकी जराशी फिरवतो, काचेवरचं ऊन पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर पडतं आणि तो गायला लागतो. याला पैसे पडत नाहीत.

झोपाळू
पाऊण तासात डोळा लागला. संवाद असे नाहीतच. याला ऑस्कर कसं दिलं कोण जाणे.

पेन्सिलवाला
घरं काढणं हा माझा धंदा, म्हणून दोन शब्द. तो बंगला नीसच्या स्टुडिओत उभारलेला सेट, चित्रकार जाक लाग्रांज यांच्या मदतीने आखलेला. आणि मामाचं घर? तेही सिनेमासाठीच बांधलेलं! म्हणजे जुनं खरं नि नवं खोटं असं काही नाही, दोन्ही खोटीच. तातींना काच-पोलादाचा तिटकारा असता तर पुढच्या ‘प्लेटाइम’ सिनेमासाठी (१९६७) पॅरिसच्या कडेला अख्खं शहर उभारून त्यांनी दिवाळं कशाला काढून घेतलं असतं? तिटकाऱ्यापायी कुणी एवढा खर्च करत नाही.

नळावरची
मग श्रीमंतांचं खेळणंच झालं की, मीही तेच म्हणतेय. गॅरेजचा प्रसंग घ्या. कुत्रं आडवं जातं, विजेच्या डोळ्याचा किरण अडतो, दार आपोआप मिटतं, नवरा-बायको आत. मोलकरणीला सांगतात, तू किरणासमोर जा. ती शॉक बसेल म्हणून घाबरते आणि आपण खदखदतो. कोणावर?

कंदील
...हा प्रसंग मी तीनदा पाहिला आणि तीनदा हसलो. त्यावर आत्ता उत्तर नाही.
पण शेवट बघा. मामाला दूरगावी पाठवतात. विमानतळावर त्याला हाक मारायला बाप शिट्टी घालतो, भलताच माणूस वळून खांबावर आपटतो. पोरं रोज हीच खोडी काढत असतात! बाप-लेक गाडीआड लपतात आणि जेरार बापाचा हात धरतो. बापाला खलनायक करून सोडलेलं नाही.

नळावरची
तो शेवट मलाही आवडला. फक्त मामाला जिथे धाडलं तिथे नळ होता का, ते तेवढं राहिलं.