विजेच्या किटलीच्या तेविलाबाबत (भांडे धर्मविधीनुसार पाण्यात बुडवण्याबाबत) मदत हवी आहे

आम्ही अलिबागजवळ राहणारे बेने इस्राएल (यहुदी) कुटुंब असून, गैरयहुदी दुकानातून घेतलेली धातूची व काचेची भांडी वापरण्यापूर्वी, जवळ मिकवे (या विधीसाठीचे पाण्याचे कुंड) नसल्याने, समुद्रात बुडवून घेतो. अडचण स्टीलच्या विजेच्या किटलीची आहे, कारण तिची कॉइल तळाशी पक्की बसवलेली आहे. बुडवून वाळवण्याचा उपाय ठाऊक आहे, परंतु खारे पाणी आत शिरल्यास ती वाया जाईल. सुटी करून पुन्हा जोडून देणारा यहुदी कारागीर इथे नाही. (प्लास्टिकची घ्या, हा सल्ला कृपया नको, तिच्यातला चहा घरात कोणी पीत नाही.) प्लगला जोडूनच चालणारी वस्तू जमिनीला जोडलेली मानून तेविलातून सूट देणाऱ्या मतावर विसंबता येईल का, आणि तसे नसल्यास, किटली गैरयहुदी शेजाऱ्याला भेट देऊन त्याच्याकडून उसनी घेण्याची पळवाट कायमच्या वापरासाठी ग्राह्य धरली जाते का?