टेम्परेचर मीटरची नळी कापू नका!
जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनचं पाणी किती तापलंय ते दाखवणाऱ्या मीटरची नळी लांब पडते, तर कापून झाळून घ्या, असं इथे एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. त्या बारीक नळीत बहुधा ईथर असतं. पाणी तापलं की त्याची वाफ होऊन दाब वाढतो, मीटरमधली वाकडी पोकळ पट्टी उलगडू पाहते आणि काटा हलतो. नळीला चीर गेली की ईथर उडालं, मीटर संपला. जास्तीच्या नळीचं ऐसपैस वेटोळं करून डॅशबोर्डमागे बांधून टाका, पण ती कुठे दुमडू देऊ नका.

ट्रॅक्टरचं वायरिंग ६ व्होल्टचं १२ केलंत तरी अँपिअर मीटर (बॅटरीत करंट येतोय की जातोय ते दाखवणारा) तोच चालतो. काटा उलटा पडत असेल तर मागच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र स्टार्टर सोडला तर जवळपास सगळा करंट या मीटरमधूनच जातो. नट ढिला राहिला की वायर तापते. (आधी बॅटरीची केबल काढा. मी एकदा विसरलो होतो, पाना अजून काळा आहे.)

आणि हो, मीटरची तबकडी थिनरने पुसू नका. डागाबरोबर आकडेही जातात.