बंद कोनाचा काचबिंदू (डोळ्यातलं पाणी निचरायचा कोन बुजून प्रेशर चढतं तो): कसा ओळखला? अनुभव लिहा

रातराणी: काल कुणीतरी लिहिलं होतं, "आत्याची अर्धशिशी, उलट्या, त्यात डोळा लाल." वाचलं आणि नेत्रविभागातल्या रात्रपाळ्या आठवल्या. असे पेशंट हमखास आधी पित्ताच्या गोळ्या घेऊन येतात. एका बाजूचं डोकं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी, धूसर दिसणं, लाल डोळा हे एकत्र दिसलं की टॉर्च मारा. बाहुली अर्धवट मोठी, किंचित लंबगोल, उजेडाला हलत नाही. डोळ्याचं प्रेशर (मिमी पाऱ्यात) १० ते २१ हवं, तिथे ५०-६० निघतं. सकाळपर्यंत थांबू नका.

स्लिटलॅम्पवाला: गोनिओस्कोपी, गोनिओस्कोपी, गोनिओस्कोपी! (म्हणजे आरशाच्या भिंगाने हा कोन बघणं.) खोली अंधारी, झोत जेमतेम १ मिमीचा, बाहुलीवर पडता कामा नये. पडला की बाहुली आकसते, तिच्याभोवतीचा रंगीत पडदा कोनातून ओढला जातो आणि बंद कोन उघडा दिसतो. गर्दीच्या ओपीडीत नेमकं हेच होतं. मग चार आरशांच्या भिंगाने हलकं दाबायचं. निचऱ्याची जाळी दिसली तर पडदा नुसता टेकलाय, नाही दिसली तर चिकटलाय.

माई: आमच्या ताईंना प्लस ३ चा चष्मा, वय ५८. काळजीचं आहे का? कुकर लावलाय, नंतर वाचते.

अंजन: घाबरू नका माई, पण कोन तपासून घ्याच. प्लस नंबरचा डोळा आखूड, त्यात वयाने भिंग जाड होतं. बाहुलीतून पाणी पुढे येताना अडतं, पडदा पुढे फुगतो, कोन बुजतो. "प्रेशर नॉर्मल" एवढ्यावर थांबू नका, अधल्यामधल्या काळात ते नॉर्मलच येतं. सख्ख्या बहिणींनाही सांगा.

फार्मावाली: डायमॉक्स ५०० (प्रेशर उतरवणारी गोळी) देण्याआधी सल्फाची अ‍ॅलर्जी आणि किडनीचं विचारायचं!! पायलोकार्पीन (बाहुली आवळणारे थेंब) प्रेशर चढलेलं असताना चालत नाही, बाहुली आवळणाऱ्या स्नायूला रक्तच पोचत नसतं. आधी प्रेशर उतरवा. आणि टोपिरामेट (अर्धशिशी-फिटची गोळी) चालू आहे का बघा. त्यात दोन्ही डोळे एकदम, भिंगच पुढे सरकतं, लेझरने पडद्याला छिद्र पाडून काही होत नाही, डॉक्टरांना सांगून गोळी थांबवावी लागते.

रातराणी: +१. दम्याच्या नेब्युलायझरमधलं इप्राट्रोपियमही बाहुली मोठी करून कोन बुजवू शकतं. मास्क सैल असला की वाफ थेट डोळ्यात.

माई: मग सर्दीची गोळी पण नको का? इकडे घरभर शिंका चालू आहेत.

अंजन: कोन अरुंद निघाला तर विचारूनच. लेझर झालं असेल तर बहुतेकांना चालते. आल्याचा काढा द्या तोवर :)

स्लिटलॅम्पवाला: लेझरचं छिद्र दुसऱ्या डोळ्यालाही पाडतात, त्याचाही कोन तसाच असतो. नंतर गोनिओ पुन्हा, छिद्र पडूनही कोन बंद राहू शकतो. २०१६ च्या ईगल अभ्यासात पन्नाशीपुढच्यांना, मोतीबिंदू नसतानाही, डोळ्यातलं भिंग बदलणं लेझरपेक्षा सरस ठरलं. माई, ताईंना नेताना एवढंच सांगा: बाहुली मोठी करायचे थेंब कोन बघितल्यावर घाला, आधी नको.