स्विफ्टमध्ये पुढचे-मागचे स्पीकर बदलायचेत, १५ हजारांत काय करावं?

हडपसरचा_प्रवासी

नमस्कार मंडळी, गाडी २०१५ ची स्विफ्ट डिझेल, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलीय. रोज हडपसर ते हिंजवडी, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास तरी गाडीत जातात आणि गाणी नसतील तर मी वेडाच होईन. स्टिरिओ आधीच्या मालकाने टचस्क्रीनवाला बसवलेला आहे, त्यावर ५० वॅट गुणिले ४ असं लिहिलंय, पण स्पीकर चारही कंपनीचेच. त्यातला ड्रायव्हरच्या दारातला आता फरफरायला लागलाय, आवाज जरा वर नेला की अभंगातले टाळ वाजतायत का कुणी ताटात चमचे आपटतंय तेच कळत नाही. परवा एका दुकानात गेलो तर तो म्हणाला पुढे कंपोनंट, म्हणजे सुट्या भागांचा सेट, टाका, मागे सीटमागच्या पार्सल ट्रेवर ६ बाय ९ इंची ओव्हल टाका, ३०० वॅटचे आहेत, गाडी हलेल. आणि दाराचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा प्लग, कापून वायर थेट जोडतो, दहा मिनिटांत काम. मला गाडी हलवायची नाहीये हो, गाणं नीट ऐकू आलं तरी बास. बजेट १५ हजार. पुढे-मागे सारखेच घ्यायचे का? कंपोनंट का कोअॅक्सिअल, म्हणजे सगळं एकातच असलेले? अँप, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा वेगळा डबा, लागतोच का?

डग्गा_आणि_चाट

दादा आधी त्या दुकानातून बाहेर या.

३०० वॅट हा आकडा पीकचा असतो, म्हणजे क्षणभर स्पीकर जळणार नाही इतकाच त्याचा अर्थ. बॉक्सवर बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी पॉवर, लिहिलेलं असतं तेवढंच वाचायचं. तुमच्या स्टिरिओवरच्या ५० गुणिले ४ चीही तीच गत. गाडी चालू असताना बॅटरीला साधारण १४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा (म्हणजे विजेला त्याचा अडथळा तेवढा), स्टिरिओत व्होल्टेज वाढवणारं काही नसतं, त्यामुळे स्वच्छ आवाजाचे चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, १५ ते २० वॅट निघाले तरी खूप झाले. त्यापुढे नेलं की तो आवाज फाटतो आणि बिचाऱ्या स्पीकरला शिव्या बसतात.

म्हणून अँप आत्ता घेणार नसाल तर वॅट सोडा आणि सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते, डीबीमध्ये लिहिलेली असते. ३ डीबीचा फरक म्हणजे अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज. ९१-९२ डीबीवाला मध्यम किमतीचा स्पीकर तुमच्या स्टिरिओवर मोकळा वाजेल आणि ८७ वाला महागडा सेट झोपून राहील, तो नंतर अँपवर उठेल ते वेगळं. ओहमही बघा, काही सेट ३ किंवा २ ओहमचे येतात आणि साध्या स्टिरिओला २ झेपत नाही, गरम होऊन बंद पडतो.

कंपोनंट का कोअॅक्सिअल, तर स्विफ्टच्या पुढच्या दारात स्पीकर कुठे आहे बघा, तुमच्या पोटरीशेजारी. कोअॅक्सिअलमध्ये ट्विटर, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या पोटातच असतो, म्हणजे डग्गा आणि चाट, खालचा आणि वरचा आवाज, दोन्ही पायाला ऐकू येणार. खालचा आवाज कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही पण वरचा लगेच कळतो. कंपोनंटमध्ये ट्विटर सुटा असतो, तो साइड मिररच्या आतल्या तिकोनी प्लास्टिकवर नाहीतर काचेशेजारच्या खांबावर लावला की गायक डॅशबोर्डवर येऊन बसतो. हा फरक एकदा ऐकला की मागे जाता येत नाही, माझे बरेच पैसे त्यातच गेलेत.

माझं म्हणणं, सगळा पैसा पुढे घाला. पुढे साडेसहा इंची कंपोनंट सहा-साडेसहा हजारांपर्यंत, पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारी शीट) तीनेक हजार, स्पेसर रिंग (स्पीकर बसवायची) पाचशे. उरलेले ठेवून द्या, सहा महिन्यांनी छोटा फोर चॅनेल अँप घ्या. मागचे कंपनीचे आहेत तसे राहू देत, फेडर (पुढचा-मागचा आवाज वाटणारी सेटिंग) तीन-चार घरं पुढे.

आणि ते पार्सल ट्रेवरचे ओव्हल, हॅचबॅकचा ट्रे म्हणजे पुठ्ठ्याचा भाऊ. स्पीकरच्या मागे बंद जागा नाही, ट्रे स्वतःच थरथरतो, बेस यायच्या ऐवजी खडखड येते. वर जोरात ब्रेक लागला तर ते लोखंडी मॅग्नेट मागच्या माणसाच्या डोक्यामागे मोकळे. अजिबात नको.

चिपळूणची_चालक

वरचं सगळं बरोबर आहे पण दार उघडण्याबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून लिहिते, कारण मी हे स्वतः केलंय आणि एकदा चांगलीच फसलेय.

दाराची आतली ट्रिम (प्लास्टिकचं अस्तर) काढताना आतल्या हँडलमागचा आणि आर्मरेस्टच्या खाचेतला स्क्रू आधी काढायचा, मग खालून बोटं घालून ओढायचं, क्लिप टक् टक् सुटतात. दोन-तीन तुटणारच, दहा रुपयाला एक मिळते, आधीच आणून ठेवा. आत बघितलंत तर पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गोंदाने लावलेला दिसेल. माझ्या फिटरने पहिल्यांदा तो टरकावून फेकून दिला, म्हणाला याचा काय उपयोग. जूनमध्ये पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी पायाखालची मॅट पिळून काढावी लागली. काचेवरून दारात पाणी उतरतंच, ते त्या कागदावरून ओघळून दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर जातं, कागद नसला की थेट आत. तर तो कागद जपा नाहीतर त्या जागी डॅम्पिंग शीट नीट सीलबंद लावा, आणि दाराच्या तळाची भोकं मात्र बुजवू नका, पत्रा कुजेल. क्रॉसओव्हरचा डबासुद्धा, म्हणजे वरचा-खालचा आवाज वेगळा करणारा, दाराच्या तळात टाकू नका.

डॅम्पिंग लावायच्या आधी आणि नंतर दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारून बघा. आधी टण्ण वाजतं, पत्र्याच्या डब्यासारखं. नंतर ठक्, जाड लाकडासारखं. तो ठक् ऐकला तेव्हाच मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, स्पीकर तर अजून बॉक्समध्येच होता. पत्रा आधी थिनरने पुसा, रोलर जोरात फिरवा, हातमोजे घाला नाहीतर त्या फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

आणखी एक, स्पीकर आत ठेवून काच पूर्ण खाली घेऊन बघा. मॅग्नेट खोल असला तर काच टेकते. कंपनीच्या स्पीकरची प्लास्टिकची फ्रेम त्याच्या अंगचीच असते म्हणून नव्या स्पीकरला रिंग लागते, ती एमडीएफची नको, आमच्या पावसात फुगते, प्लास्टिकची घ्या.

गप्प_बसवेना

१५ हजारात चार टायर येत नाहीत पण दोन तरी येतात. आधी टायर बघा राव.

हडपसरचा_प्रवासी

टायर मार्चमध्येच टाकलेत साहेब 😄

तीन_पोरांचा_बाप

डग्गा दादांचं मत एकट्याने गाडी चालवणाऱ्याचं आहे असं मला वाटतं. आमच्याकडे मागे तीन पोरं आणि कधीकधी आई. मी पण असंच सगळं पुढे घातलं, फेडर पुढे, आणि मग मागून सतत बाबा आवाज वाढवा बाबा आवाज वाढवा. वाढवला की माझे कान जातात, आई म्हणते डोकं दुखतं. शेवटी मागच्या दारात साडेतीन हजारांची कोअॅक्सिअल जोडी टाकली आणि घरात शांतता आली. मागे कंपोनंटची गरज नाही हे मान्य, पण मागे काहीच नको हे मान्य नाही. मागे कोण बसतं ते बघून ठरवा.

डग्गा_आणि_चाट

मान्य, पोरं असतील तर मान्य. फक्त ब्रँड तोच घ्या नाहीतर निदान आवाजाचा स्वभाव जुळणारा घ्या, आणि मागच्यांना बेस कमी ठेवा.

वायरमन_भाऊ

कपलर कापू देऊ नका, एवढंच सांगायला आलोय. गाडीच्या मॉडेलचा अडॅप्टर कपलर दोन-अडीचशेत मिळतो, एका बाजूने गाडीच्या वायरला बसतो दुसऱ्या बाजूने स्पीकरला. उद्या गाडी विकताना जुने स्पीकर परत लावता येतात. पुण्यात नाना पेठेत विचारा.

आणि प्लस-मायनस. माझ्याच गाडीत एका दुकानदाराने डावा दरवाजा उलटा जोडून दिला होता, दोन महिने मी इक्वलायझरशी झटापट करतोय की बेस कुठे गेला, नवीन स्पीकर आणि जुन्यापेक्षा पोकळ आवाज. एका स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, मग खालचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतो. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला की बेस येतो आणि मध्ये आणला की जातो, असं झालं तर समजा हाच घोळ आहे. तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर ढकलला जातो. डोळ्याने दिसतं. स्पीकरवर रुंद पिन प्लसची असते.

अँप घ्याल तेव्हा बॅटरीपासून येणाऱ्या वायरला फ्यूज बॅटरीजवळच लावा, अँपजवळ नाही, कारण मध्ये कुठे वायर घासून बॉडीला लागली तर बॅटरी ते फ्यूज यांमधली वायर पेटते. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए, म्हणजे स्टिरिओतून अँपला गाणं नेणारी वायर, दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर अॅक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून कुईंई ऐकत बसाल.

हडपसरचा_प्रवासी

मंडळी, काम झालं. सहा हजार चारशेची कंपोनंट जोडी, ९१ डीबी, ४ ओहम. पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग. मागचे जुनेच ठेवले, पोरं नाहीत अजून, तीन_पोरांचा_बाप यांचा सल्ला राखीव. डॅम्पिंग मी आणि धाकट्या भावाने सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून लावलं, सकाळी नऊला सुरू केलं ते जेवायला चार वाजले, क्लिप पाच तुटल्या आणि अंगठा कापला, ताईंनी सांगूनही हातमोजे घातले नव्हते. सेलची टेस्ट केली, उजवा उलटाच निघाला होता, तोही मीच जोडलेला.

स्टिरिओमध्ये हाय पास ८० हर्ट्झला ठेवला, त्याच्या खालचा आवाज दारातल्या स्पीकरकडे गेलाच नाही की फरफर संपली आणि आवाज पाच-सहा घरं जास्त वर जातो. उजवा ट्विटर कानाजवळ असल्यामुळे टोचत होता, म्हणून बॅलन्स दोन घरं डावीकडे आणि ट्रेबल एक घर कमी. काल मगरपट्ट्याच्या सिग्नलला अभंग चालू होता, टाळ काचेच्या डाव्या कोपऱ्यात आणि पखवाज मध्यभागी, मागची गाडी हॉर्न मारायला लागली तेव्हा सिग्नल सुटल्याचं कळलं.

एक मात्र झालंय. दारं गप्प झाल्यावर आता ग्लोव्ह बॉक्समधून किर्र किर्र ऐकू येतंय, आधीपासून असणार, आत्ताच उघडं पडलं. त्यावर काय लावतात?

चिपळूणची_चालक

झाकणाच्या कडेला फेल्टची पट्टी चिकटवा. आणि आतली चिल्लर काढा.