मदत हवी आहे : दुखण्यापायी गर्भाशय काढले, अकरा आठवडे झाले, पुढे काय अपेक्षित धरावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती) :

नमस्कार. माझे वय ४३ आहे. मी सातारा जिल्ह्यात राहते आणि एका पतसंस्थेत काम करते. अकरा आठवड्यांपूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने माझे गर्भाशय ग्रीवेसह काढण्यात आले. दोन्ही बीजनलिकाही काढल्या, बीजकोश मात्र ठेवले आहेत. कर्करोग नव्हता आणि त्याची शंकाही नव्हती. शस्त्रक्रिया झाली ती केवळ ओटीपोटातल्या दुखण्यासाठी, आणि म्हणूनच इथे लिहिताना संकोच वाटतो, कारण ‘नुसत्या दुखण्यासाठी’ पिशवी काढावी का, यावर माझ्या भोवतालच्या प्रत्येकाचे मत आधीच तयार आहे.

दुखणे नऊ वर्षांचे होते. सुरुवातीला ते पाळीच्या पहिल्या दोन दिवसांपुरते असे, नंतर पाळीआधीचा आठवडा त्यात गेला, आणि शेवटच्या दोन वर्षांत महिन्यातले पाच-सहा दिवस सोडले तर रोजच कंबरेपासून मांडीच्या आतल्या बाजूपर्यंत कोणीतरी पिळे घालत असल्यासारखे वाटे. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या पर्समध्ये, कपाटात आणि कार्यालयाच्या खणात अशा तीन ठिकाणी असत. दीड वर्ष डायनोजेस्ट हे संप्रेरकाचे औषध घेतले. संप्रेरक सोडणारी तांबी बसवली, तर ती आठव्या महिन्यात आपोआप निसटली. सोनोग्राफीच्या अहवालात दर वेळी ‘गर्भाशय किंचित मोठे’ एवढेच येई आणि त्यापुढे ‘वयानुसार होते, सहन करायला शिका’ हे तोंडी येई. अखेर तिसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला, तेव्हा ॲडेनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची ऊती त्याच्या स्नायूंच्या भिंतीत शिरलेली असणे, हे नाव प्रथम ऐकले.

शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवसांनी बायोप्सीचा अहवाल आला. त्यात काढलेल्या अवयवाचे वजन २४० ग्रॅम लिहिले होते आणि निदान पक्के झाले होते. तो कागद हातात घेऊन मी रुग्णालयाच्या वाहनतळावर बराच वेळ रडत बसले. निदानाचे दुःख नव्हते; नऊ वर्षे मी जे सांगत होते ते खरे होते, याचा पुरावा ते दुखणे शरीरातून गेल्यावर मिळाला, एवढेच मनात येत होते.

आता प्रश्नांकडे वळते. पहिले पाच-सहा आठवडे अपेक्षेप्रमाणे गेले. पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले तीन दिवस उजवा खांदा दुखला, बद्धकोष्ठतेने छळले, इसबगोलाने सोय झाली, तपकिरी स्राव पाचव्या आठवड्यापर्यंत येत राहिला. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत आतले टाके भरले असल्याचे सांगण्यात आले आणि मी कामावर रुजू झाले. ती पिळवटणारी वेदना खरोखरच गेली आहे. परंतु डावीकडे, दुर्बिणीच्या छेदाच्या जवळ, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी टोचते. शिवाय दुपारनंतर ओटीपोटात खालपर्यंत जडपणा येतो, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो आणि थकवा असा असतो की चार वाजता पासबुकातले आकडे दोनदा वाचावे लागतात. यूट्यूबवर पाहून मी गेले तीन आठवडे कीगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम करत आहे. त्यांनी जडपणा कमी होण्याऐवजी वाढतो असे वाटते, पण हा माझा भ्रमही असेल.

दुसरा भाग मनाचा आहे आणि तो मांडणे अधिक कठीण जाते. ‘दोन मुले झाली आहेत, आता त्या पिशवीचा उपयोग काय होता?’ हे वाक्य मला सांत्वन म्हणून किमान वीस जणांनी ऐकवले आहे. मला तिसरे मूल नको होते, हे खरेच आहे. तरीही गेल्या महिन्यात माहेरी गेले असता वहिनीने निघताना प्रथेप्रमाणे ओटी भरली, आणि पदरात नारळ-तांदूळ पडताना माझे हात थरथरले. मी आयुष्यभर ज्या प्रथेकडे केवळ सोपस्कार म्हणून पाहिले, तिचा अर्थ मला नेमका त्या दिवशी लागावा, याचे मलाच आश्चर्य वाटले. याच काळात माझ्या मुलीची पाळी सुरू झाली आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारले, ‘आई, मलाही तुझ्यासारखे दुखेल का?’ मी ‘नाही’ म्हणून मोकळी झाले. ते उत्तर प्रामाणिक नव्हते.

आणखी एक गोष्ट नोंदवते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, शासनाने समिती नेमली, आणि पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून अवयव गमवावा लागणे ही भयंकर गोष्ट आहे आणि त्याबद्दलचा संताप योग्यच आहे. मात्र तेव्हापासून आमच्याकडे सुशिक्षित माणसांची प्रतिक्रियाही ‘तुम्हाला फसवले तर नाही ना?’ अशीच येते. मी सात वर्षे इतर उपाय करून, स्वतः कागदपत्रे वाचून हा निर्णय घेतला, हे दर वेळी नव्याने सिद्ध करत बसायचा आता कंटाळा आला आहे.

ज्यांनी दीर्घकाळच्या ओटीपोटदुखीसाठी गर्भाशय काढले आहे, त्यांनी कृपया सांगावे : उरलेले दुखणे किती दिवस साहजिक मानावे? थकवा केव्हा ओसरला? बीजकोश शाबूत असताना रात्री घाम येणे आणि विनाकारण रडू येणे याला काय म्हणावे? आणि मुलीला काय उत्तर द्यायला हवे होते?

—

सोनचाफा :

ताई, माझी शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी पुण्यात झाली, तीही पोट उघडून, आणि एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे, असल्यामुळे दोन्ही बीजकोशही काढावे लागले. त्यामुळे माझा आणि तुमचा अनुभव सर्वस्वी सारखा नाही, हे आधी सांगते. माझी रजोनिवृत्ती एका दिवसात आली. डॉक्टरांनी इस्ट्रोजेन सुरू केल्यावर मी पुन्हा माणसांत आले. तुमचे बीजकोश ठेवलेले असले तरी गर्भाशयाच्या बाजूने त्यांना होणारा रक्तपुरवठा शस्त्रक्रियेत कमी होतो, त्यामुळे काही जणींना थोडे दिवस घाम व चिडचिड जाणवते, आणि अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा थोडी लवकर येण्याची शक्यताही असते. आता पाळीची खूण उरलेली नाही, म्हणून लक्षणांची तारखेनिशी नोंद ठेवा. मी कालनिर्णयावरच पेन्सिलीने खुणा करत असे. महिन्याच्या ठराविक दिवसांत स्तन दुखणे, मन उदास होणे असे आढळले, तर बीजकोशांचे काम चालू आहे असे समजता येते.

थकव्याविषयी सांगायचे तर सहा आठवडे ही टाके भरण्याची मुदत आहे, ताकद भरून येण्याची नव्हे. मला पूर्ण दिवस न थकता काम करायला सुमारे पाच महिने लागले. तुम्हाला वर्षानुवर्षे अतिरक्तस्राव होत असेल, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासून घ्या. माझे हिमोग्लोबिन ठीक होते, लोहाचा साठा मात्र तळाला गेला होता.

रडण्याबद्दल एवढेच म्हणेन की निर्णय योग्य असणे आणि त्याचे दुःख होणे ही दोन्ही एकाच घरात राहू शकतात. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते ‘संप्रेरकांमुळे होते’ म्हणून सोडू नका. मी चार महिने तसे सोडले आणि पस्तावले. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

—

पाऊलवाट :

मी फिजिओथेरपिस्ट असून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या तक्रारींवर काम करते. तुम्हाला न तपासता निदान करता येणार नाही, परंतु तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधते.

कीगलने जडपणा वाढतो हा तुमचा भ्रम नसावा. जी स्त्री नऊ वर्षे दुखणे सोसते, ती नकळत पोट, मांड्या आणि ओटीपोटाचा तळ आवळून धरायला शिकते. दुखण्याचे कारण गेल्यावरही ते स्नायू आवळलेलेच राहतात. अशा स्नायूंना आणखी आवळण्याचा व्यायाम दिला तर ते अधिक दुखतात. लघवी सुरू व्हायला वेळ लागणे हेही त्याच्याशी जुळते. अशा वेळी आधी सैल सोडायला शिकावे लागते : पाठीवर पडून, गुडघे वाकवून, श्वास घेताना पोट फुगू द्यावे आणि तळ खाली सैल होतो आहे याकडे लक्ष द्यावे. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पुरतात. तपासणी होईपर्यंत कीगल बंद ठेवलेले बरे. लघवी करताना जोर लावू नका. मूत्राशय पुरता रिकामा होतो का, हे सोनोग्राफीत सहज पाहता येते, ते डॉक्टरांकडून करून घ्या.

एका बोटाने दाखवता येणारे दुखणे बहुधा पोटाच्या भिंतीतले असते. उताणे पडून त्या जागेवर बोट दाबा आणि तसेच दाबलेले ठेवून डोके व खांदे उचला. दुखणे तेवढेच राहिले किंवा वाढले, तर छेदाजवळची एखादी बारीक नस किंवा स्नायू दुखत असण्याची शक्यता वाढते. त्यावर त्या जागी भूल देणारे इंजेक्शन हा साधा उपाय असतो, पण आधी छेदाच्या जागी हर्निया नाही ना, हे डॉक्टरांनी पाहणे आवश्यक आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा शस्त्रक्रियेआधी सांगितली जात नाही. दीर्घकाळ दुखत राहिले की मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते आणि इशाऱ्याची घंटा किरकोळ कारणानेही वाजू लागते. म्हणूनच गर्भाशय काढल्यावर बहुतेकींना आराम पडतो, तरी काही जणींचे दुखणे पूर्ण जात नाही. यात त्यांचा निर्णय चुकलेला नसतो आणि दुखणे मनाचे खेळही नसते.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पुन्हा लाल रक्त जाणे, योनीतून सतत पाणी झिरपणे, पोटरी सुजून दुखणे किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत जाणे यांपैकी काहीही झाले, तर धाग्यावर विचारू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

—

निरीक्षक :

ॲलोपॅथीत कापाकापीची घाई असते. आपण धीर धरून काढे घेतले असते, तर रजोनिवृत्तीनंतर हे आपोआप थांबले असते.

—

जुना वाटसरू :

निरीक्षक, रजोनिवृत्तीनंतर ॲडेनोमायोसिसचा त्रास सहसा ओसरतो हे खरे आहे, पण धागाकर्तीचे वय ४३ आहे. आणखी सात-आठ वर्षे ‘धीर धरा’ असे दुसऱ्याच्या पोटाविषयी सांगणे सोपे असते.

कृष्णाकाठताई, मी या विषयात पतीच्या बाजूने दोन शब्द लिहितो. माझी पत्नी सहाव्या आठवड्यात चालती-फिरती झाली, त्यामुळे घरात सर्वांनी ती बरी झाल्याचे जाहीर केले आणि पाण्याच्या कळशा पुन्हा तिच्याकडे गेल्या. यात सर्वांत मोठा दोष माझा होता. शरीरसंबंधांच्या बाबतीतही ‘डॉक्टरांनी परवानगी दिली आहे’ एवढ्यावर मी समजूत करून घेतली होती, तिला मात्र दुखण्याची भीती होती आणि ती बोलत नव्हती. पुढे आम्ही डॉक्टरांसमोर एकत्र बसलो, तेव्हा ते बोलणे झाले. आपल्या यजमानांनाही पुढच्या तपासणीला आत घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नका.

—

कृष्णाकाठ (धागाकर्ती) :

सर्वांचे आभार. निरीक्षक यांना उत्तर देत नाही. वाटसरूंनी ते दिले आहे.

पाऊलवाट, काल रात्री तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोके उचलून पाहिले. दुखणे स्पष्ट वाढले. पतीला जवळ बसवून त्यांनाही ती जागा दाखवली. नऊ वर्षांत त्यांनी ‘नेमके कुठे दुखते?’ असे प्रथमच विचारले, आणि मीही प्रथमच बोट ठेवून सांगू शकले. कीगल थांबवले आहे. गुरुवारची वेळ घेतली असून मूत्राशयाची सोनोग्राफी, फेरिटिन आणि हर्निया हे तीन शब्द चिठ्ठीवर लिहून ठेवले आहेत. उदासीचे म्हणाल, तर झोप बरी आहे, पण सोनचाफाताईंचे दोन आठवड्यांचे माप मी लक्षात ठेवेन.

मुलीशी पुन्हा बोलले. दुखेल की नाही हे मला ठाऊक नाही, पण दुखले तर मला सांग आणि मी तुझे खरे मानीन, असे म्हटले. त्यावर तिने मान डोलावली आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळलेच पाहिजेत का, असे विचारले. तिच्यासाठी तोच प्रश्न मोठा होता.

एक विनंती उरते. सातारा किंवा कराड परिसरात ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? पुण्याला दर आठवड्याला जाणे रजेमुळे शक्य होणार नाही. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे.