तर्षण दाब की परासरण दाब?

भाषांतरवाली: बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या) विद्रावांचा, म्हणजे द्रावणांचा, ऑस्मॉटिक दाब कसा मोजतात, यावर पाषाणला विज्ञान दिनासाठी एक फलक मराठीत करतेय. विश्वकोशाला धरून 'तर्षण दाब' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे 'परासरण' केलं, मुलं शाळेत तेच शिकतात म्हणून. काय ठेवू?

सदाशिवपेठी: तर्षणच. तृष् म्हणजे तहान लागणे. विद्राव पटलाआडून, म्हणजे फक्त विद्रावकाला (सॉल्व्हंटला) वाट देणाऱ्या पडद्याआडून, विद्रावक ओढून घेतो, तो अर्थ शब्दातच आहे. परासरण हिंदी पुस्तकांतलं.

बाणेररस्ता: काका, ग्रीक 'ओस्मोस' म्हणजे ढकलणं. आणि हा दाब ना ओढीचा, ना ढकलण्याचा. विद्रावकाचं आत येणं थांबवायला विद्रावावर जेवढा जादा दाब द्यावा लागतो, तेवढा तो. ताई, शब्द कुठलाही घ्या, हे वाक्य फलकावर आधी हवं.

मीठमिरची: आई कैरीला मीठ लावून ठेवायची आणि तासाभरानं म्हणायची, 'पाणी सुटलं बघ.' तेच लिहा की!

बाणेररस्ता: कैरीकडून पाहिलं तर सुटतं, मिठाकडून पाहिलं तर येतं. ऑस्मोमीटरमध्ये, म्हणजे हा दाब मोजायच्या उपकरणात, आपण मिठाच्या बाजूला असतो. लाखभर रेणुभाराचं पॉलिस्टायरीन घ्या, टोल्युइनमध्ये लिटरला १० ग्रॅम. आदर्श विद्राव मानला तर २५ अंश सेल्सिअसला दाब सुमारे २५० पास्कल, म्हणजे नळीत जेमतेम ३ सेंटीमीटर चढ. पण तो डोळ्यांना दिसतो. त्याच विद्रावाचा गोठणबिंदू अंशाच्या हजाराव्या भागानंही हलत नाही. म्हणून तर ही पद्धत. मग वेगवेगळ्या संहतींना (लिटरला किती ग्रॅम, त्याला) दाब भागिले संहती असा आलेख काढून शून्य संहतीपर्यंत मागे न्यायचा. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्यावरून संख्या-सरासरी रेणुभार (एकूण वजन भागिले रेणूंची संख्या) मिळतो, उतारावरून दुसरा व्हिरियल गुणांक, म्हणजे विद्राव आदर्शापासून किती ढळतो त्याचं माप.

भाषांतरवाली: 'व्हिरियल'ला काय म्हणू?

सदाशिवपेठी: लॅटिन 'व्हिस', म्हणजे बळ. 'बलगुणांक' करा.

पीएचडीवाला: कृपया नको! लॅबमध्ये कुणालाच कळणार नाही. आम्ही घरीसुद्धा 'मेम्ब्रेन लीक झालं' असंच सांगतो. लहान साखळ्या पटलातून गेल्या की दाब कमी भरतो आणि रेणुभार फुगून येतो. खरी डोकेदुखी ती आहे.

सदाशिवपेठी: 'पाझरलं' म्हणायला काय हरकत आहे?

पीएचडीवाला: विद्रावक पाझरायलाच हवा, काका. इथे जायला नको ते गेलंय.

मीठमिरची: मग 'निसटलं'.

सदाशिवपेठी: निसटलं चालेल. पण काय निसटलं? मध्यंतरी एका व्याख्यानात 'बहुलक' ऐकलं, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. आपलं 'बहुवारिक' कुणी सोडलं?

पीएचडीवाला: आम्ही 'पॉलिमर'च म्हणतो.